तांब्याखाली तांबंच

या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात एक अत्यंत वाईट बंब छापलेला आहे. आंघोळीचं पाणी तापवायचा, तांब्याचा, मधोमध नळी असलेला, पुढे पितळी तोटी आणि खाली तीन पाय असलेला बंब. आकार चोख आहे. तोटीची चावी नीट घडवली आहे, कड्या जिथे रिव्हेट मारून बसवल्यात तिथला फुगवटाही जागच्या जागी आहे. रंग मात्र बघवत नाही. सगळा बंब शेंदरी-तपकिरी, अंगभर एकसारखे ओरखडे, आणि जिथे म्हणून कड आहे तिथे रंग उडून आतून स्टीलसारखं पांढुरकं काहीतरी डोकावतंय. लोखंडी बंबाला कुणी तांब्याचा रंग मारून ठेवावा, तसा तो दिसतो.

हा बंब लेखिकेनेच डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना रंगवला होता. तो तिने पानभर मोठा छापला, याचं मला कौतुक आहे. आपल्याकडे कलेवरची पुस्तकं हात बसलेले लोक लिहितात आणि हात बसल्यानंतरचं काम छापतात. शिकणाऱ्याला मग एका टोकाला कोरा कागद दिसतो, दुसऱ्या टोकाला तयार चित्र दिसतं, आणि मधलं सगळं ‘सरावाने जमतं’ या दोन शब्दांत उरकलेलं असतं. इथे तोच बंब तीनदा रंगवलेला आहे. मॉडेल तेच, उलगडा तोच, प्रकाशही तोच. पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना काय काय बदललं, त्याची ही वही आहे.

विषय नवा असलेल्या वाचकासाठी थोडी तोंडओळख. संगणकातलं त्रिमित मॉडेल म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या चौकोन-त्रिकोणांची जाळी. ती तयार होते तेव्हा नुसती करडी असते. तिच्यावर तांबं, लाकूड, कातडं, गंज, घाम चढवायचं काम म्हणजे टेक्श्चरिंग. त्यासाठी मॉडेल आधी सपाट उलगडावं लागतं. शिंपी सपाट कापडातून बेतून गोल अंगावर बसेल असा सदरा शिवतो. इथे उलटं, गोल वस्तू शिवणींवर उसवून तिचे तुकडे एका चौकोनात पसरतात. याला युव्ही अनरॅप म्हणतात, आणि शिवण कुठे ठेवायची हा पहिला कलात्मक निर्णय असतो. बंबाची शिवण भिंतीच्या बाजूला. मग त्या चौकोनावर, किंवा हल्ली थेट मॉडेलवर, डिजिटल ब्रशने रंगवायचं. रंगवायचं म्हणजे एक चित्र नव्हे, तीन-चार. मूळ रंगाचं एक. कुठला भाग धातू आणि कुठला नाही हे सांगणारं एक. पृष्ठभाग कुठे गुळगुळीत, कुठे खरखरीत हे सांगणारं एक, त्याला रफनेस मॅप म्हणतात. आणि बारीक उंचसखलपणाचा भास देणारा निळा-जांभळा नॉर्मल मॅप. हे सगळे मिळून प्रकाशाशी कसं वागायचं ते ठरवतात.

ही विद्या फार जुनी नाही. १९७४ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात एडविन कॅटमल यांनी पीएच.डी.च्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर चित्र चढवण्याची रीत मांडली. हेच कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले. १९७६ मध्ये जिम ब्लिन आणि मार्टिन न्यूएल यांनी चकचकीत वस्तूत भोवतालचं प्रतिबिंब दाखवायची युक्ती शोधली, आणि १९७८ मध्ये ब्लिन यांनी आकाराला हातही न लावता नुसत्या प्रकाशाच्या हिशेबाने सुरकुत्या उमटवून दाखवल्या. आजचा नॉर्मल मॅप त्याच घराण्यातला. यातल्या न्यूएल यांनी १९७५ मध्ये आपल्या घरातल्या मेलिटा कंपनीच्या चहाच्या किटलीचं मॉडेल केलं. ते इतकं वापरलं गेलं की ‘युटा टीपॉट’ या नावाने ते या क्षेत्राची ओळखच झालं. मूळ किटली आज कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. तेव्हा परदेशी किटलीच्या जागी आपल्या न्हाणीघरातला बंब घेऊन बसणारी ही मुलगी परंपरेला धरूनच वागते आहे.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९९० चा एक शोधनिबंध. पॅट हॅनरहॅन आणि पॉल हेबर्ली यांनी त्यात थेट त्रिमित आकारावर रंगवता येईल असा प्रोग्रॅम मांडला. त्यातला ब्रश नुसता रंग लावत नव्हता. त्यांच्या ‘रंगद्रव्या’त रंगाबरोबर चमक होती, खरखरीतपणा होता, जाडीसुद्धा होती. म्हणजे एका फटकाऱ्यात पदार्थाचे सगळे गुण लावायची कल्पना तेव्हापासूनची आहे. हत्यारं त्या कल्पनेपर्यंत यायला वेळ लागला. ‘अवतार’ चित्रपटाच्या वेळी न्यूझीलंडच्या वेटा स्टुडिओने ‘मारी’ हे रंगवायचं सॉफ्टवेअर घडवलं. २०१२ मध्ये डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी, खऱ्या पदार्थांवरून मोजलेल्या परावर्तनाचा अभ्यास करून, कलाकाराला सहज फिरवता येतील अशा मोजक्या बटणांचं एक प्रारूप मांडलं. बहुतेक बटणं ० ते १ च्या मधली. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँच्या अलेगोरिदमिक कंपनीने ‘सब्स्टन्स पेंटर’ आणलं, जे २०१९ मध्ये अडोबीकडे गेलं. २०१७ मध्ये फुकट मिळणाऱ्या ब्लेंडरमध्येही डिस्नेच्या त्या प्रारूपावर बेतलेला शेडर, म्हणजे पृष्ठभाग प्रकाशाशी कसा वागेल ते ठरवणारा भाग, आला. आज पुण्या-मुंबईतल्या मुलाच्या लॅपटॉपवर तीच बटणं आहेत जी मोठ्या स्टुडिओत आहेत.

बटणं आली, पण डोळा जुनाच राहिला, हे माझं गाऱ्हाणं आहे. आणि हे पुस्तक मला आवडलं ते नेमकं या गाऱ्हाण्याला हात घालतं म्हणून.

आपल्याकडची मुलं टेक्श्चरिंगला येतात ती चित्रकलेतून. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा, स्थिरचित्र, पोस्टर कलर. चित्रकलेत चमक रंगानेच दाखवतात: तांब्यावर उजेड पडला की तिथे पांढरट ठिपका ठेवायचा, सावलीत तपकिरी घ्यायची, आणि काठाला समोरच्या कापडाचा निळा शेड. यात गैर काही नाही, कागदावर दुसरा इलाजच नसतो. पण त्रिमित मॉडेलवर हेच केलं की घोटाळा होतो, कारण तिथे प्रकाश टाकायचं काम यंत्र करतं. तुम्ही रंगवलेला पांढरा ठिपका दिवा हलला तरी जागचा हलत नाही. दिवा डावीकडे नेला, बंब फिरवला, ठिपका तिथेच. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण ‘खोटं वाटतंय’ एवढं तो लगेच म्हणतो.

तांब्याचा रंग कोणता, असं वर्गात विचारलं की उत्तर येतं, तपकिरी. कुणी शेंदरी म्हणतं. लेखिकेच्या पहिल्या बंबाला दोन्ही लावलेले आहेत. प्रत्यक्षात घासून लख्ख केलेल्या शुद्ध तांब्याचा मूळ रंग सॉफ्टवेअरमध्ये भरायचा तर आकडे साधारण २५०, २०८, १९२ असे येतात. हा रंग नुसता बघितला तर फिकट, पिठूळ गुलाबी वाटतो. कुणीही शपथेवर सांगेल की हे तांबं नव्हे. पण धातूचा मूळ रंग म्हणजे त्याच्यावर समोरून पडलेल्या प्रकाशातला किती भाग तो परत पाठवतो याचा हिशेब. तांबं लाल प्रकाश जवळजवळ सगळा परत पाठवतं, निळा साधारण निम्मा. आपल्याला दिसणारा काळोखा तपकिरीपणा तांब्याचा नसतोच, तो तांब्यात दिसणाऱ्या अंधाऱ्या न्हाणीघराचा असतो. मुलांनी तो अंधार मूळ रंगात भरला की यंत्र त्यावर आणखी एकदा अंधार चढवतं, आणि बंब चॉकलेटी होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे धातू आणि अधातू यांची फाळणी. काजळी, राख, पाण्याचे क्षार, तेलाचा ओशटपणा, धूळ, तांब्यावर चढलेलं हिरवं पुट, यातलं काहीही धातू नाही. मॅपमध्ये त्या जागा ० हव्यात आणि उघड्या तांब्याच्या १. मधल्या करड्या छटा फक्त सीमेवर, जिथे मळ विरळ होत जातो तिथे. नवशिके इथे ०.५ भरून मोकळे होतात, ‘अर्धं मळलंय’ म्हणून. असा अर्धा धातू सृष्टीत कुठे सापडत नाही आणि पडद्यावर तो मेणचट दिसतो. काजळीबद्दल आणखी एक: ती कितीही काळी असली तरी मूळ रंगात ०, ०, ० लिहू नये. कोळसासुद्धा थोडा प्रकाश परत देतो. पूर्ण काळं भरलं तर त्या जागी बंबाला भोक पडल्यासारखं दिसतं.

दुसऱ्या बंबापर्यंत लेखिका हे सगळं शिकली होती. रंग अचूक, काजळी काजळीच्या जागी, तोटी पितळेची आणि तांब्याहून पिवळी. तरीही तो बंब दुकानातल्या प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो. माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात उपयोगी चित्र हे आहे, कारण यात चूक अशी बोट ठेवून दाखवता येत नाही. बहुतेक विद्यार्थी याच मुक्कामावर थांबतात. काहीतरी कमी आहे असं वाटलं की ते आणखी ओरखडे घालतात, आणखी डाग घालतात. बंब अधिक मळका होतो, अधिक खरा होत नाही.

तिसऱ्या बंबात मूळ रंगाचा मॅप दुसऱ्याचाच आहे. एक पिक्सेल बदललेला नाही. बदलला आहे तो फक्त रफनेस. दुसऱ्या बंबात तो अंगभर जवळजवळ एकाच करड्या रंगाचा होता. तिसऱ्यात तो हाताने, थरावर थर देत रंगवला आहे. लेखिकेने तो मॅप स्वतंत्र पानावर, काळा-पांढरा, इतर काहीही न चढवता छापला आहे. त्या पानाकडे वाचकाने निवांत बघावं. काळं म्हणजे गुळगुळीत, पांढरं म्हणजे खरखरीत. पोटाचा पुढचा भाग काळा आहे, कारण तिथे चिंच लावून घासलेलं आहे, आणि त्या काळ्यात घासणाऱ्या हाताचे कमानीसारखे फराटे आहेत. हात जेवढा फिरतो तेवढीच कमान. कड्यांच्या खाली हात शिरत नाही, तिथे करडं. वरच्या तोंडाभोवती, जिथून बंबफोड आत टाकतात, एक मळकट पांढरा कडा आहे: धग आणि काजळी. तोटीच्या खाली पाण्याचे ओघळ सुकून राहिले आहेत, वर बारीक, खाली पसरट, आणि प्रत्येक ओघळाची कड मध्यापेक्षा जास्त पांढरी, कारण पाणी सुकताना क्षार कडेला साचतात. आणि बंबाची मागची, भिंतीकडची बाजू जवळजवळ सगळी पांढरी. ती कुणी कधी घासतच नाही. आल्यागेल्याला दिसते तेवढी बाजू लख्ख करून मोकळं व्हायचं, ही घराघरातली रीत त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात स्वच्छ वाचता येते.

माझं म्हणणं एवढंच आहे की टेक्श्चरमधली प्रगती रंगात मोजायची नाही, रफनेसमध्ये मोजायची. विद्यार्थ्याचं काम तपासताना मी आता मूळ रंगाचा मॅप सगळ्यात शेवटी उघडतो. रफनेस मॅप एकटा बघून ही वस्तू कोणती, ती कुठे ठेवली होती, तिला कोण हात लावायचं हे ओळखू आलं, तर मुलगा शिकला. नुसता ढगाळ नॉइज दिसला, तर अजून सॉफ्टवेअर शिकतोय.

पण असा मॅप मनाने काढता येत नाही, त्यासाठी बंब बघावा लागतो. लेखिकेने तो दोन ठिकाणी बघितला. एक आजोळी, जिथे तो अजून माळ्यावर आहे. दुसरा पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत, जिथे तांब्याची भांडी अजून हाताने घडतात. भांडं घडवून झालं की तांबट त्याला मठारतात: हातोडीचे नेमके ठोके शेजारी शेजारी देत सगळा पृष्ठभाग बारीक खळग्यांनी भरून काढतात. त्याने पत्रा कडक होतो आणि भांड्याला ती ओळखीची लकाकी येते, कारण प्रत्येक खळगा उजेड थोड्या वेगळ्या दिशेला फेकतो. आता हे खळगे नॉर्मल मॅपमध्ये आणायचे तर सॉफ्टवेअरमध्ये तयार पॅटर्न असतातच. तिने पहिल्या बंबाला तोच लावला होता आणि खळगे वाटेल तसे विखुरले होते. तांबट आळीत बसून तिच्या लक्षात आलं की ठोके ओळीत पडतात. भांडं फिरतं, हात जागेवर असतो, त्यामुळे ओळी भांड्याला वळसा घालतात. प्रत्येक ठोका मागच्या ठोक्यावर किंचित चढतो. आणि दोन ठोक्यांतलं अंतर सारखं असतं, पण तंतोतंत नसतं. घरी येऊन तिने गोल ब्रश घेतला, स्पेसिंग, म्हणजे ठशांतलं अंतर, वाढवलं, जिटर, म्हणजे त्यातली अनियमितता, अगदी थोडा ठेवला, आणि भांड्याभोवती एकेक ओळ ओढत गेली. या सगळ्याला नवा प्लग-इन लागला नाही.

इथेच एक खाच आहे, ती पुस्तकात चौकटीत दिली आहे. तिच्यापायी मुलांच्या रात्री जातात म्हणून मीही सांगतो. नॉर्मल मॅपचे दोन पंथ आहेत. हिरव्या रंगाच्या वाहिनीत ‘वर’ कशाला म्हणायचं यावर त्यांचं जमत नाही. ब्लेंडर आणि युनिटी हे गेम-इंजिन एका बाजूला, अनरिअल इंजिन दुसऱ्या. एका पंथाचा मॅप दुसऱ्याकडे जसाच्या तसा नेला की मठाराचे खळगे उलटे होतात आणि बंबाला अंगभर फोड आल्यासारखे दिसतात. हिरवी वाहिनी उलटवली की काम होतं. अशीच दुसरी खाच रफनेसची. हा मॅप रंग नाही, आकड्यांचा तक्ता आहे, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. ब्लेंडरमध्ये त्यासाठी ‘नॉन-कलर’ निवडायचं असतं. ते राहिलं तर यंत्र रंग समजून आकडे वाकवतं, ०.५ चं साधारण ०.२१ होतं, आणि आपण मन लावून खरखरीत केलेला बंब तेल लावल्यासारखा चकाकतो. मुलं मग रफनेस पुन्हा रंगवत बसतात. दोष ब्रशचा नसतो.

किती बारीक रंगवायचं, यावर लेखिकेने केलेला हिशेब मला फार आवडला. बंबाचा व्यास ३० सेंटिमीटर धरला तर घेर साधारण ९४ सेंटिमीटर. २०४८ पिक्सेलच्या मॅपची जवळजवळ पूर्ण रुंदी या घेराला दिली, तर एका सेंटिमीटरला सुमारे २२ पिक्सेल येतात. एक सेंटिमीटरचा मठाराचा खळगा २२ पिक्सेलमध्ये छान मावतो. अर्ध्या मिलिमीटरच्या ओरखड्याला मात्र जेमतेम एक पिक्सेल मिळतो. तो रंगवून उपयोग नाही. कॅमेरा दूर गेला की तो नुसता चुरचुरतो. म्हणजे पहिल्या बंबावरचे ते अंगभर ओरखडे केवळ कुरूप नव्हते, ते त्या मॅपमध्ये मावतच नव्हते. हा हिशेब मॉडेल उघडायच्या आधी, कागदावर करायचा असतो.

आता थोडा मतभेद. तयार ‘स्मार्ट मटेरियल’ विद्यार्थ्याने वापरूच नयेत, असं लेखिकेचं ठाम मत आहे आणि त्यावर तिने एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे. तिचा राग मला कळतो. पहिल्या बंबाच्या कडांवर जे स्टील डोकावत होतं ते अशाच एका तयार मटेरियलने घातलेलं होतं. यंत्र मॉडेलची वळणं मोजतं, जिथे कड धारदार तिथे ‘इथे झिजलं असेल’ असं गृहीत धरतं आणि वरचा थर खरवडून खालचा धातू दाखवतं. रंग दिलेल्या लोखंडी पेटीला ते शोभतं. बंबाला थर नसतो. तांबं खरवडलं तर खाली तांबंच निघतं. झिजलेल्या कडेवर बंब जास्त चमकेल, फार तर पोचा येईल; रंग बदलणार नाही. पण यातून मी ‘वापरूच नका’ इथपर्यंत जाणार नाही. कामाच्या ठिकाणी एका माणसाकडे आठवड्याला चाळीस वस्तू असतात, त्यातल्या पस्तीस कुणी वळूनही बघत नाही, आणि तिथे तयार मटेरियल नाकारणं ही चैन आहे. वापरावं, मास्क, म्हणजे कुठला थर कुठे दिसेल ते ठरवणारा मॅप, उघडावा, त्यातलं आपल्या वस्तूला न शोभणारं पुसून काढावं. पुसता येणं हेही रंगवणंच आहे. लेखिका हे प्रकरण पुढच्या आवृत्तीत थोडं मवाळ करेल अशी मला आशा आहे, फारशी नाही.

आणखी एक अपवाद नोंदवायला हवा, कारण वरचं सगळं वाचून एखादी चांगली चित्रकार मुलगी उगाच हिरमुसेल. सगळी दुनिया वास्तवाच्या मागे लागलेली नाही. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेमपासून एक मोठी शाखा अशी आहे जिथे उजेड आणि सावली मूळ रंगातच, हाताने, मुद्दाम रंगवतात. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली, पॅरिसच्या फॉर्टिश स्टुडिओची ‘आर्केन’ ही मालिका बघा. तिथे चेहऱ्यांवर ब्रशचे फटकारे लपवलेले नाहीत. या शाखेत मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या ठिकाणी रेखांकन घोटून आलेला हात सरळ उपयोगी पडतो, आणि रफनेसवरचं माझं प्रवचन तिथे बऱ्याच अंशी गैरलागू आहे. या पुस्तकात त्या शैलीवर एकच धडा आहे. तो मला तोकडा वाटला.

बंबच का, असं काही जण विचारतील. मुलांचे पोर्टफोलिओ बघायची वेळ माझ्यावर नेहमी येते. त्यात गंजलेलं तेलाचं पिंप असतं, जुनं रिव्हॉल्व्हर असतं, आणि हमखास अमेरिकेच्या फुटपाथवरचा तो लाल फायर हायड्रंट असतो, जो सांगली-साताऱ्याच्या मुलाने जन्मात पाहिलेला नसतो. ट्युटोरियलमध्ये तोच होता म्हणून तो केलेला असतो. गंज कुठे चढतो, पाणी कुठून गळतं, कुत्रं कुठल्या बाजूला पाय वर करतं, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं, मग तो कडांवर झीज आणि खोबणीत मळ एवढंच करू शकतो, कारण यंत्राला तेवढंच ठाऊक आहे. त्याच मुलाला एसटीच्या खिडकीची दांडी द्या, जात्याचा खुंटा द्या, कोकणातला असेल तर जांभ्याचा गडगा द्या. हात कुठे घासतो ते तो डोळे मिटून सांगेल. पुण्यात २००८ पासून युबीसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ आहे, मुंबईत व्हीएफएक्सची मोठमोठी दालनं आहेत. तिथे काम परदेशी वस्तूंचंच येणार हे खरं. पण अनोळखी वस्तू बघायची कशी, हे ओळखीच्या वस्तूवरच शिकता येतं.

वाचकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. पुस्तकातले सगळे स्वाध्याय ब्लेंडर आणि क्रिटा या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर होतील असे बेतले आहेत. जिथे सब्स्टन्स पेंटरने काम सोपं होतं तिथे तसं लिहिलं आहे. ब्लेंडरच्या रंगकामात थरांची सोय अपुरी आहे, तिथे नोडची कसरत करावी लागते आणि तो भाग जरा रुक्ष आहे; नेटाने पार करा. क्रिटामध्ये डब्ल्यू हे बटण दाबलं की चित्राच्या चारही कडा एकमेकींना जुळतात आणि अखंड जुळणारी भिंत किंवा फरशी रंगवता येते. ही एक सोय कळली तरी अनेकांचे कष्ट वाचतील. पेन टॅबलेट असेल तर उत्तम, पण मास्क रंगवायला माउसही चालतो. स्वस्त मॉनिटरवर गडद छटा एकमेकींत बुडतात, म्हणून रेंडर एकदा मोबाइलवर टाकून बघायची सवय लावा.

स्वाध्याय क्रमाने करा असा माझा आग्रह नाही. पहिला मात्र चुकवू नका, त्यात संगणक नाही. घरातलं एक भांडं घ्यायचं, खिडकीशी बसायचं, आणि कागदावर त्याचा रफनेस मॅप पेन्सिलने काढायचा: चकाकतं तिथे काळं, मंद तिथे कोरं. चित्रकलेची सवय असलेल्यांना हे सगळ्यात जड जातं, कारण हात आपोआप सावल्या काढू लागतो.

तिन्ही बंबांच्या मूळ फाइली पुस्तकासोबत दिल्या आहेत. थर उघडे आहेत आणि त्यांची नावं लेखिकेने मराठीत ठेवली आहेत: काजळी, क्षार, चिंच, भिंतीकडची बाजू. एकेक थर बंद-चालू करून बघा. स्वतःचे मॅप बाहेर काढताना मात्र फाइलींची नावं रोमन लिपीत द्या. काही गेम-इंजिनं देवनागरी नावाची फाइल उघडायला अजून कुरकुरतात.